घरचं मैदानच का नडलं?

प्रश्न : मी कोल्हापूरचा, पण जीव लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबमध्ये. २०२१च्या सुरुवातीला ॲनफील्ड या आपल्या घरच्या मैदानावर लीगचे सलग ६ सामने हरलो. मित्र अजून चिडवतात. प्रेक्षक नव्हते, हेच कारण ना?

उत्तर : अहो, कोरोनात स्टँड सगळ्यांचेच रिकामे होते! शिवाय त्याच जानेवारीत टॉटनहॅम आणि वेस्ट हॅम या संघांना त्यांच्या घरी ३-१ हरवलंच की. बचावपटू व्हॅन डाइक जायबंदी, त्यात मधल्या फळीतल्या हेंडरसनला बचावात खेळवलं, म्हणून मधली फळी लुळी पडली. पाहुणे संघ स्वतःच्या गोलपुढे ठाण मांडून बसायचे. आपल्याला वाट सापडायची नाही. सहा सामन्यांत मिळून गोल १, तोही आपल्या सालाहची पेनल्टी! शहरातल्याच प्रतिस्पर्धी एव्हर्टनकडून हरणं एक वेळ गिळलं, पण त्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेल्या फुलमकडूनही हार? चिडवू द्या मित्रांना. फक्त त्याआधी लीगमध्ये घरी ६८ सामने अपराजित होतो, तेही ऐकवा.