वाचकांचे प्रश्न : स्टेनलेस वेल्डिंगला आतून कोणता गॅस?

प्रश्न : ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पाइपांचे जॉइंट आम्ही टिगने (टंगस्टनच्या टोकाच्या आर्कने होणारं वेल्डिंग) करतो आणि आतून आर्गॉन सोडतो. त्याऐवजी स्वस्तातला नायट्रोजन वापरला तर चालेल का?

उत्तर : ३०४ आणि ३१६ च्या बऱ्याच कामांत चालतो. हवा बाहेर ठेवण्यापुरता तो आर्गॉनइतकाच उपयोगी आहे. फरक पडतो तो वितळलेल्या धातूत गेल्यावर. या ग्रेडच्या वेल्डमध्ये थोडा फेराइट (पोलादाच्या स्फटिकरचनेचा एक प्रकार) असतो आणि गरम असताना तडे जाण्यापासून तोच वाचवतो. नायट्रोजन शोषला गेला की फेराइट कमी होतो. म्हणून मुळातच फेराइट जवळजवळ नसलेल्या, पूर्ण ऑस्टेनिटिक (सगळी ऑस्टेनाइट ही दुसरी रचना असलेल्या) ग्रेडला आर्गॉनच ठेवा. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते नायट्रोजन धरून बसतं, तिथेही आर्गॉन. ड्युप्लेक्सचं, म्हणजे या दोन्ही रचना साधारण निम्म्या-निम्म्या असलेल्या ग्रेडचं, मात्र उलट आहे. वेल्डिंग करताना त्यातला नायट्रोजन उडून जातो, त्यामुळे आतून नायट्रोजन दिलेला फायद्याचाच.

एक काळजी घ्या. रूट गॅपमधून (जोडायच्या दोन टोकांमधल्या फटीतून) नायट्रोजन आर्कमध्ये शिरला तर टंगस्टनचं टोक खराब होतं आणि वेल्डमध्ये छिद्रं पडू शकतात. गॅपवर टेप लावा आणि जेवढं वेल्ड करायचं तेवढीच पुढची टेप काढत जा. टॉर्चला आर्गॉनच.

प्रश्न : शुद्ध आर्गॉन दहा मिनिटं सोडूनही रूट (जॉइंटचा सर्वांत आतला, पहिला थर) आतून काळा, खडबडीत होतो. सिलिंडर खराब असेल का?

उत्तर : सिलिंडरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी हिशोब पाहू. आतला व्यास १०८ मिमी आणि दोन डॅममधलं (गॅस अडवायला जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पाइपात लावलेल्या अडसरांमधलं) अंतर ३०० मिमी धरलं, तर पोकळी जेमतेम पावणेतीन लिटरची होते. आतली हवा धुऊन काढायला पोकळीच्या दहा पट गॅस धरला, तर तो साडेसत्तावीस लिटर. मिनिटाला १० लिटरने तीन मिनिटांत काम व्हायला हवं. दहा मिनिटांतही होत नसेल तर बहुधा कुठूनतरी हवा आत येते आहे, किंवा डॅम न लावता सगळी लाइनच भरण्याची धडपड चालली आहे.

आर्गॉन हवेपेक्षा साधारण १.४ पट जड. तो खालून सोडा आणि हवा जायला वरच्या बाजूला भोक ठेवा. सुरुवातीचा फ्लो फार वाढवू नका. जोराच्या झोताने हवा बाहेर ढकलली जाण्याऐवजी गॅसमध्येच घुसळते. नायट्रोजनचं वजन जवळजवळ हवेएवढंच, त्यामुळे तो असा तळाशी बसत नाही आणि धुवायला जास्त वेळ लागतो.

नळीही बदलून पाहा. रबराची जुनी नळी ओलावा धरून ठेवते आणि तो गॅसबरोबर जॉइंटपर्यंत पोहोचतो.

तरीही अंदाजावर राहू नका, ऑक्सिजन मीटर लावा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. साध्या कामाला तो ०.१ टक्क्यापर्यंत, म्हणजे १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १००० भाग) खाली आणतात; औषध किंवा खाद्यपदार्थांच्या लाइनला ५० पीपीएम किंवा त्याहून कमी मागतात. रूटचा रंगही सांगतो : चांदीसारखा किंवा फिकट पिवळा उत्तम, निळा संशयास्पद, काळा आणि खरखरीत म्हणजे क्रोमियम जळालं. अशा ठिकाणी गंज लवकर धरतो आणि नुसतं घासून ते भरून येत नाही.

वेल्डिंग सुरू करताना फ्लो मिनिटाला ५ ते ८ लिटरवर आणा. शेवटचा तुकडा जोडताना तर आणखी कमी, कारण गॅप बंद होत आला की आतला दाब वाढतो आणि वितळलेला रूट बाहेर ढकलला जाऊन आतून खड्डा पडतो. हवा जाण्याचं भोक बुजलेलं नाही ना, हे त्याच वेळी बघावं. रूट झाला की लगेच गॅस तोडणं ही सर्रास होणारी चूक. पुढचे दोन पास (वेल्डचे थर) होईपर्यंत तो चालू हवा.

प्रश्न : आर्गॉनमध्ये हायड्रोजन मिसळलेला गॅस जास्त चांगला म्हणतात. खरं का?

उत्तर : ३०४, ३१६ सारख्या ऑस्टेनिटिक ग्रेडला खरं आहे. दोन ते पाच टक्के हायड्रोजन उरलासुरला ऑक्सिजन टिपतो आणि रूट चकचकीत येतो. फेरिटिक, मार्टेन्सिटिक आणि ड्युप्लेक्स या ग्रेडना मात्र हायड्रोजन देऊच नका, त्याने तडे जातात. नायट्रोजनमध्ये १० टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण पेट घेऊ शकतं, त्यामुळे ते बंद जागेत साचू देऊ नये.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड?

उत्तर : नाही. आर्कच्या उष्णतेत तो धातूला ऑक्सिजन देतो, वर कार्बनही वाढवू शकतो. तुमच्याकडे आतून गॅस देणं शक्यच नसेल, तर फ्लक्स (वितळून धातूवर संरक्षक थर धरणारी पूड) असलेली टिग फिलर रॉड घ्या. मात्र आतला स्लॅग (फ्लक्सची उरलेली खपली) काढता येईल अशाच जागी.

आणि पाइपाऐवजी टाकीचं काम असेल, तर तीत उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर आत सोडून पाहा. आर्गॉन तळाशी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पंखा लावून हवा खेळती करा आणि पुन्हा मोजल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका.