आधी खाली उतर

तुझ्या घोड्याबद्दलचा मेसेज काल रात्री दोनदा वाचला आणि व्हिडिओ किती वेळा बघितले ते सांगत नाही. तिसऱ्या व्हिडिओत तू डाव्या कोपऱ्यात कॅंटर (संथ दौड) मागतेस, तो कान मागे टाकतो, शेपूट गरागरा फिरवतो, चुकीच्या पायावर निघतो (आतल्याऐवजी बाहेरचा पाय पुढे) आणि मग बक, म्हणजे पाठ उचलून मागच्या लाथा. आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "मार त्याला, मालक कोण ते कळू दे!" तो माणूस कोण हे मला माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही.

तू विचारलंयस, कडक बिट (तोंडातली लगामाची कडी) घालू का, स्पर (टाचेची आर) लावू का, की विकूनच टाकू. हे तिन्ही पर्याय तुला सॅडलवर, खोगिरावर, बसल्या बसल्या सुचलेत. आधी खाली उतर. म्हणजे खरंच उतर गं, रिकिबीतून पाय काढ आणि जमिनीवर ये. गोड घोडा आहे तुझा, मला फार आवडला, म्हणून जरा कडक लिहितेय, वाईट वाटून घेऊ नकोस. घेतलंस तरी चालेल.

माझ्याकडे एक घोडी होती. नाव लिहीत नाही. अंगाने हलकी, स्वभावाने इतकी सरळ की पोरंसोरं पोटाखालून पळत गेली तरी पाय उचलायची नाही. ती एके दिवशी जंपसमोर थांबली. पहिल्यांदा आम्ही हसलो, दुसऱ्यांदा मी चाबूक मागवला. माझे तेव्हाचे शिक्षक म्हणाले हट्टी झालीय, आणि मला ते लगेच पटलं, कारण घोडी हट्टी असली की चूक माझी नसते ना. अडीच महिने असे गेले. तंग (सॅडलचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती वळून माझ्या दंडाला चावायला यायची आणि मी कोपर मारून तिचं तोंड बाजूला करायचे, रोज, जणू तो पण खराऱ्यासारखा रोजचा भागच. मग दुसऱ्या एका घोड्यासाठी आलेल्या व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, जाता जाता तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवली आणि नुसती दाबत मागे नेली, तर तिने पाठ अशी खाली सोडली की मला वाटलं ती बसतेय. सॅडल पुढून अरुंद झालं होतं. तेच सॅडल, तीच घोडी, फक्त वर्षभराच्या कामाने तिच्या खांद्यामागचे स्नायू भरले होते आणि सॅडल काही तिच्याबरोबर वाढत नाही. प्रत्येक उडीला माझं सगळं वजन त्याच दोन जागांवर रुतायचं.

ती बरी झाली, पुढे उड्याही मारल्या. पण विदर्सच्या (मानेच्या मागचा, खांद्यांवरचा उंचवटा) दोन्ही बाजूंना नखाएवढे पांढरे केस आले ते कायमचे. दाबाने कातडीला इजा झाली की तिथला केस बरेचदा पांढराच उगवतो, रंग परत येत नाही. पुढची अकरा वर्षं रोज सकाळी खरारा करताना ते दोन ठिपके माझ्यासमोर. नवीन लोक विचारायचे, जन्मखूण आहे का? मी हो म्हणायचे.

तर, आधी खाली उतर.

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे, कळपात लंगडणारा आधी मरतो. म्हणून तो ओरडत नाही, कण्हत नाही, फक्त वागणं बदलतो आणि आपण त्याला 'नाटकं' म्हणतो. 2018 मध्ये स्यू डायसन नावाच्या व्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारी चालू असताना बघायच्या 24 गोष्टींची एक यादी मांडली, त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच. कान पाच सेकंद किंवा जास्त वेळ मागे, तोंड सारखं उघडणं-मिटणं, शेपटीचे फटकारे, डोकं सारखं वरखाली, चुकीच्या पायावर कॅंटर, बक, असं सगळं त्यात आहे. तुझ्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत मी सहा मोजल्या. चाळीस सेकंदांत! आणि तू मला बिटचा फोटो पाठवून विचारतेस हे बरं का ते बरं.

बिटचं एवढंच सांगते. कडक बिटने वागणं थांबेल कदाचित. दुखणं थांबणार नाही, आणि ते सांगायची त्याची एक वाट तू बंद केलेली असशील. शिवाय दात कधी तपासलेस? घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धार येते, ती वर्षातून एकदा तरी बघून घासावी लागते. गाल आतून सोललेला असेल आणि वरून नोजबँड (नाकावरचा पट्टा) घट्ट, तर डोकं झटकणार नाही तर काय करेल?

आता उतरल्यावर करायचं काय. हात फिरव. खराऱ्याने नाही, उघड्या तळहाताने, आणि फोन खिशात. कानामागून मान, खांदा, पाठ, कंबर, मग एकेक पाय वरून खाली खुरापर्यंत. मनगटाची मागची बाजू खुराला लाव, चारही खुरांना, एखादं जास्त गरम लागतंय का. मग फेटलॉकच्या (खुराच्या वरचा सांधा) मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेव, तिथे नाडी असते. निरोगी घोड्यात ती सापडायलाच वेळ लागतो, पहिल्या आठवड्यात तुला बहुतेक सापडणारच नाही, चिडू नकोस. पण खुरात गळू झालं किंवा सूज असली की तीच नाडी बोटाखाली धडधडते, शोधावी लागत नाही. रोज निरोगी पायाची नाडी शोधली असेल तरच ते धडधडणं त्या दिवशी ओळखू येईल. विश्रांतीतले ठोके पण मोजत जा, मोठ्या घोड्याचे मिनिटाला साधारण 28 ते 44, पण पुस्तकातला आकडा ठीक आहे, तुझ्या घोड्याचा आकडा किती हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

सॅडल काढल्यावर घाम बघ. सगळीकडे ओलं आणि मध्येच एखादा कोरडा चट्टा, विशेषतः खांद्यामागे, तर तिथे एकतर सॅडल टेकतच नाही किंवा फारच टेकतंय. दोन्ही वाईटच. खुरांचं तू लिहिलंयस की नालबंद 'वेळ मिळेल तसा' येतो. वेळ मिळेल तसा म्हणजे काय? खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतं, खुराचं पुढचं टोक लांबलं की पाय उचलायची वेळ बदलते, सांध्यावर ताण येतो, आणि मग आपण म्हणतो डावीकडे वळत नाही. सहा ते आठ आठवड्यांची तारीख ठरवून टाक, भांडून का होईना.

यातलं काहीच सापडलं नाही तर? तर व्हेट. दुखण्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊन 'बघू फरक पडतो का' करू नकोस, ते व्हेटने ठरवायचं.

माझ्यावर एक आरोप नेहमी होतो, तुझ्याही कानावर आला असेलच, की मी घोडे 'काचेच्या कपाटात' ठेवते. खरंय, एकदा मी एक धडधाकट घोडा आठ आठवडे उभा ठेवला, दुखणं शोधत, आणि शेवटी निघालं काय तर तो नुसता कंटाळला होता आणि मालकीणबाई दर वळणाला आतल्या बाजूला झुकून बसायच्या. त्या बाई मला सोडून गेल्या. माझ्या भिंतीवर ट्रॉफ्या नाहीत, माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांच्या आहेत. पण आठ आठवडे उभा राहून त्या घोड्याचं काही बिघडलं नाही आणि अडीच महिने चाबूक खाऊन माझ्या घोडीचं बिघडलं, त्यामुळे चुकायचंच असेल तर मी याच बाजूला चुकेन. घाबरट म्हणतात, म्हणू देत.

आणि हो, तुझं स्वतःचं बसणंही बघ, कारण घोडा आपलं अंग वाचतो, आपल्याला पत्ताही नसतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, खूर आपटून गणितं सोडवायचा, सगळे थक्क. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की घोड्याला गणित अजिबात येत नव्हतं, तो प्रश्न विचारणाऱ्याकडे बघत होता, बरोबर आकडा आला की त्या माणसाचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाही माहीत नव्हतं! आता तू बक होणार या भीतीने कोपऱ्याच्या दहा पावलं आधीच श्वास रोखतेस, डावा गुडघा आवळतेस, लगाम खेचतेस (दुसरा व्हिडिओ, नीट बघ) आणि वर पायाने पुढे चल म्हणतेस. त्याने नक्की काय ऐकायचं? तो शिकतो दाब सुटल्यावर. तू दाब सोडतच नाहीस. पण हे नंतर, दुखत नाही हे कळल्यावर. त्याआधी ट्रेनिंगचं एक अक्षर बोलणार नाही मी.

विकायचं म्हणतेस ते मला कळतं. थकलीस, तबेल्यात सगळे बघतायत, बरोबरच्या मुली पुढे गेल्या. पण दुखणारा घोडा विकलास तर पुढचा माणूस स्पर घेऊनच येणार.

उद्या एवढं कर. सॅडल न घालता लंजवर (लांब दोरीवर गोल फिरवत), दोन्ही बाजूंना, वॉक (चाल), ट्रॉट (दुडकी), जमलं तर कॅंटर. परवा तेच सॅडल घालून, पण वर कुणी नाही. बसू नकोस, कुणी काहीही ओरडलं तरी. नुसताही डावीकडे अडखळला तर पाय किंवा पाठ, सॅडल घातल्यावर अडखळला तर सॅडल, दोन्हीकडे ठीक असला तर तू किंवा तुझं वजन आल्यावरच दुखणारं काहीतरी, इथून सुरुवात करू. हे ढोबळ आहे, व्हेटला बोलवायचंच आहे. जमीन सपाट बघ, आणि व्हिडिओ मागूनही काढ, दरवेळी बाजूने काढतेस, मागचे पाय कसे पडतात ते मला दिसतच नाही.