ग्वाल्हेरच्या थंडीत आईचे गुडघे आखडतात, चालणं बंद करावं का?

चालणं बंद करू नका. झीज झालेल्या गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा असतो. बसून राहिलं की ते स्नायू दुबळे होतात आणि दुखणं वाढतं.

सकाळी अंथरुणातच सुरुवात करा. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबायची, 5 सेकंद धरायची, सोडायची. प्रत्येक पायाने 10 वेळा, दिवसातून दोनदा. श्वास मात्र रोखू नये. बहुतेकांची चूक तिथेच होते. त्याआधी 15 मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला तर आखडलेपण सैल होतं. पिशवी कापडात गुंडाळूनच ठेवा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर चटका कळत नाही, म्हणून शेक टाळा.

जानेवारीत धुकं विरल्यावर, ऊन आलं की आईला सपाट रस्त्यावर 10 मिनिटं चालू द्या. किल्ल्याचा चढ सध्या नको. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची.

व्यायामानंतरचं वाढलेलं दुखणं दोन तासांनीही उतरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी आवर्तनं निम्मी करा. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा ताप असेल तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.