एकाने कोरडे राहायचे

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात नाशिकच्या सहलीचे तीन बेत आहेत आणि तिन्ही अर्धवट आहेत. एकात तुम्ही मुलीला आजीकडे ठेवून येता, दुसऱ्यात तिला बरोबर घेऊन दोन दिवसांत चार वायनरी पाहता, आणि तिसऱ्यात घरी ‘त्र्यंबकेश्वरला जातो’ असे सांगून निघता. तिसरा बेत आधी फाडून टाक. नाशिकला रामकुंड आहे तसे द्राक्षाचे मळेही आहेत आणि दोन्ही उजळ माथ्याने पाहण्याजोगे आहेत. शिवाय खोटे सांगून निघालेल्या माणसाला रात्री मुलीचे पोट दुखू लागले तर आईला फोन करून ओवा द्यावा की नको हेही विचारता येत नाही, एवढे व्यावहारिक कारण मला पुरते.

मुलीला आजीकडे ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही. परंतु तुझ्या पत्नीला ती बरोबर हवी आहे असे तूच लिहिले आहेस, म्हणजे तो प्रश्न मिटला. उरतो तो एवढाच, की सात महिन्यांचे मूल जवळ असताना दोन मोठ्या माणसांनी वाईनच्या मुलुखात वागायचे कसे. त्याला माझे उत्तर एकच आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा देणार आहे. दोघांपैकी एकाने पूर्ण कोरडे राहायचे, आणि तो एक कोण हे घरून निघण्यापूर्वी ठरवायचे.

हे तुला आधीच पटले आहे असे तुला वाटत असेल, कारण तू लिहितोस की ‘ती अंगावर पाजते, त्यामुळे ती घेणारच नाही, म्हणजे गाडी चालवण्याचाही प्रश्न सुटला’. या वाक्याशी मी बराच वेळ अडून बसले. सहल तिच्यासाठी आहे, सात महिने तिची झोप झालेली नाही, आणि त्या सहलीत तिच्या वाट्याला काय आले, तर मुलगी आणि स्टिअरिंग. असे ठरवणे म्हणजे ठरवणे नव्हे. जे आपोआप घडणार होते त्यालाच तू निर्णय म्हणतो आहेस.

दुधाचे नीट समजून घे, म्हणजे त्याच्या आड लपता येणार नाही. आईच्या रक्तात अल्कोहोल जेवढे, साधारण तेवढेच दुधात असते. घेतल्यावर अर्ध्या ते एक तासात ते सर्वांत जास्त असते आणि रक्तातून उतरते तसे दुधातूनही उतरते. वाईनच्या 150 मिलिलीटरच्या एका पेल्याला त्यासाठी निदान दोन तास द्यावे लागतात. दूध काढून फेकून दिल्याने ते लवकर उतरत नाही, हा गैरसमज मी शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. अजिबात न घेणे सर्वांत सुरक्षित, हे डॉक्टर सांगतील आणि त्यांचे बरोबरच आहे; तेव्हा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच निघा, मात्र प्रश्न तिने विचारावा आणि उत्तरावर निर्णयही तिने घ्यावा. टेस्टिंगमध्ये प्रत्येक वाईन साधारण 30 मिलिलीटर ओततात, म्हणजे पाच चवींत एक पेला भरतो. मुलीला आधी पाजून, पुढच्या वेळेसाठी काढलेले दूध थंड पेटीत ठेवून, ती त्या पाच चवी निवांत घेऊ शकते. घोट तोंडात घोळवून भांड्यात टाकणेही तेथे शिष्टसंमत आहे. जाणकार तेच करतात. आणि तिला काहीच घ्यायचे नसेल, तरी दोन दिवसांपैकी शनिवार तिचाच राहील. ती कोरडी राहिली म्हणून तुझी सुटका होत नाही. त्या दिवशी गाडी, मुलगी, लंगोट आणि पेज तुझ्याकडे. रविवार तुझा.

माझा हट्ट कोठून आला हे तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. 2005 च्या सुमारास नाशिकजवळ टेस्टिंग रूम उघडू लागल्या तेव्हा माझा मुलगा रांगत होता. मुंबईची मित्रमंडळी रविवारी येत, आमचे हे त्यांना हौसेने सगळे दाखवायला नेत, आणि मी प्रत्येक वेळी बाहेरच्या हिरवळीवर मुलाच्या मागे धावत असे. कोणी मला बाहेर बसवले नव्हते. सगळे अत्यंत सभ्य होते आणि ‘वहिनी, तुमच्यासाठी द्राक्षाचा रस आणू का’ असे विचारत. ज्या गावात मी जन्मले, जेथे माझ्या वडिलांनी थॉमसन सीडलेसच्या, म्हणजे खायच्या द्राक्षांच्या, बागेत उमेदीची वर्षे घातली, तेथे शेनिन ब्लाँ नावाची पांढरी वाईन म्हणजे काय ते मला पुढे कितीतरी वर्षांनी, मुलगा शाळेत एकटा जाऊ लागल्यावर कळले. घरचे म्हणतात की मी जुने उगाळते. उगाळत असेन. पण त्या काळी एक रविवार माझा म्हणून कोणी ठरवला असता, तर वाईन मला आवडली असती की नाही हा भाग वेगळा, मला विचारले गेले असते. म्हणून मी दिवस वाटून घ्यायला सांगते, ‘बघू तेथे गेल्यावर’ याला मुळीच मान्यता देत नाही.

कोरडे म्हणजे कोरडे, हेही सांगून ठेवते, कारण तू ‘एक घोट’ म्हणणाऱ्यांपैकी आहेस. कायदा वाहनचालकाच्या 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालवून घेतो. ती मर्यादा पोलिसांसाठी आहे, मागच्या सीटवर मुलगी असलेल्या बापासाठी नाही. आणि ती मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेल्या चाइल्ड सीटमध्येच हवी, आईच्या मांडीवर नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला असे न बसवल्यास 1000 रुपये दंड आहे, पण दंडाची आठवण करून द्यावी लागू नये. ठाण्याहून तुम्हाला जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्ग मिळतो आणि इगतपुरीजवळच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची वळणे टळतात. मात्र रस्ता सुसाट आहे म्हणून मुलीला सलग बसवून ठेवू नका, दोन तासांच्या आत सीटमधून काढून मोकळे करा.

आता मळ्याविषयी. तुम्ही फेब्रुवारी निवडला आहे, तो योग्य आहे. युरोपात द्राक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान काढतात, पण आपल्याकडे पावसामुळे एप्रिलच्या सुमारास काड्या तयार करणारी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ धरवणारी गोडी छाटणी होते, त्यामुळे घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. सुला वायनरीच्या सुला फेस्ट या संगीत महोत्सवाचा शनिवार-रविवार मात्र टाळा; ते संगीत मुलीच्या कानांसाठी नाही. नाशिकच्या थंडीला हसू नका, निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो आणि सूर्य मावळल्यावर धरणाकाठचा वारा बोचतो. वेलीखाली चादर टाकून मुलीचा फोटो काढण्याचा बेत तुझ्या पत्रात आहे, तो रद्द कर. भुरी आणि डाऊनी या द्राक्षाच्या रोगांसाठी बागेत फवारण्या चालतात, आणि या वयाच्या मुलीच्या हाती आलेले सगळे तोंडात जाते. अख्खे द्राक्ष तर तिला देऊच नका, घशात अडकते.

हंगामात टाक्यांच्या दालनात तिला नेऊ नका. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि बाबागाडी जमिनीलगत असते. दालने हवेशीर ठेवतात हे खरे, तरी ज्याचा दिवस असेल त्याने आत जावे आणि दुसऱ्याने मुलीला घेऊन बाहेर बसावे. पाहा, येथेही तेच आले.

रात्रीही तेच. आपल्याकडे मूल आई-बापाच्या मध्ये झोपते. ज्याने घेतली आहे त्याने त्या रात्री मुलीशेजारी झोपायचे नाही. गाढ झोपलेल्या अंगाखाली मूल आल्याचे कळत नाही. खोली घेताना पाळणा मिळतो का आणि मुलांना प्रवेश आहे का हे लेखी विचारून घ्या, काही ठिकाणी नसतो.

चार वायनरींची यादी मी दोनवर आणली आहे. शनिवारी गंगापूर धरणाकडची एक, रविवारी परतीच्या वाटेवर इगतपुरीजवळची एक, दोन्ही सकाळी, मुलीच्या पहिल्या झोपेनंतर. दिंडोरीकडची पुढच्या वर्षी पाहा. ‘एवढ्या लांब येऊन’ असे म्हणू नकोस. तुम्ही दीडशे किलोमीटरवरून येत आहात, फ्रान्सहून नव्हे.

तू पत्राच्या शेवटी हळूच विचारले आहेस, की शनिवारी दुपारी मुलीला दोन तास माझ्याकडे ठेवता येईल का. नाही. मला ती हवी आहे, तिचे फोटो पाहिल्यापासून हात शिवशिवतात, आणि शनिवारी रात्री तुम्ही तिघे माझ्याकडे जेवायला याच. मऊ भात आणि तूप मी तिच्यासाठी वेगळे काढीन. पण शनिवारी दुपारीही मुलीला तूच सांभाळायचे आहे. मी तिला घेतले तर तू टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसशील, हे मला तुझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

तारीख पक्की झाली की कळव.

तुझी,
ताई