पाहुणे आंजर्ल्यात, मालकीण ठाण्यात

प्रश्न : आंजर्ल्याचं सासऱ्यांचं घर आम्ही पर्यटकांना देतो. बुकिंगपासून हिशेबापर्यंत सगळं मी ठाण्यातून बघते. मे महिन्यात रात्री दहाला पाहुण्यांचा फोन आला, नळाला पाणी नाही. विहिरीवरचा पंप बंद पडला होता आणि दापोलीचा वायरमन फोन उचलेना. शेजारचे काका धावून येतात, पण पैसे घेत नाहीत. मग हक्काने सांगताही येत नाही. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वायरमनचं नंतर, आधी काकांचं बघू. ते नको म्हणतात तो संकोच असतो. पुढच्या खेपेला घरी जाऊन काकूंच्या समोर बोला आणि दरमहा ठरावीक रक्कम बांधून द्या, बुकिंग असो वा नसो. तरीही नाहीच म्हणाले, तर त्यांच्या मुलाला किंवा पुतण्याला नेमा. शिवाय तीन हजार रुपये त्यांच्याकडे आगाऊ ठेवा. तेवढ्यापर्यंत विचारायचं नाही, नंतर बिलाचा फोटो धाडायचा. माझ्या गुहागरच्या खोल्यांना मी हेच केलं. ‘ताई, सातशे म्हणतोय, देऊ का?’ हे फोन बंद झाले आणि कामं वेळेत व्हायला लागली.

आता पंप. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, गेलेला असतो. फिरते पण पाणी चढत नाही, तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप, गळतोय का ते बघायचं. दोन्ही वस्तू माळ्यावर आणून ठेवा. कपॅसिटर जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच (क्षमतेचा आकडा, µF) हवा. बसवायचा मात्र वायरमननेच, कारण वीज तोडल्यावरही तो झटका देऊ शकतो. वायरमन एक दापोलीचा, एक गावातला, असे दोघे धरून ठेवा.

आणि दुसरी टाकी बसवाच. माणशी रोज 135 लिटर धरलं तरी सहा जणांना 810 लिटर लागतं, आणि समुद्रावरून आलेली मंडळी दोनदा अंघोळ करतात. म्हणजे हजाराची एकच टाकी एका दिवसात संपते. जोडीला दुसरी भरलेली असली, की रात्री दहाचं काम सकाळी आठला केलं तरी चालतं.

पाहुण्यांना बोर्ड उघडायला सांगू नका. गीझर लावल्यावर ट्रिप झालं, म्हणजे बोर्डावरचा स्विच आपोआप खाली पडला, तर गीझरचं बटण बंद करून तो स्विच एकदा वर करायचा; परत पडला तर तसाच राहू द्यायचा. गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, एकाही बटणाला हात न लावता सगळे बाहेर, आणि मग गॅसगळतीचा 1906. तार तुटून पडली असेल तर लांब राहून महावितरणचा 1912. हे दोन नंबर स्वयंपाकघराच्या दारामागे मोठ्या अक्षरात चिकटवा.

गणपतीत आणि शिमग्याला बुकिंग घेऊच नका. वायरमन आरतीला, नाहीतर पालखीबरोबर; काकांच्या घरी त्यांचेच चाकरमानी उतरलेले. चार पैसे बुडतात, बुडू देत.