जलवाहिनी शेजारून जाते, पाड्यावर मात्र टँकर

प्रश्न : आमचा पाडा शहापूर तालुक्यात आहे. मुंबईची जलवाहिनी शेजारून जाते. तिच्या गळक्या व्हॉल्व्हवर आम्ही उन्हाळ्यात हंडे भरायचो. यंदा गळती बंद झाली, वर रखवालदार पोलीस केसची धमकी देतो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणावं तर जमीन वनखात्याची. पोरं म्हणतात, पाइपच फोडू. काय करावं?

उत्तर : ताई, आधी पोरांना आवरा. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा, १९८४ प्रमाणे पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेची मोडतोड केली, तर सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी आहे.

राग रास्तच आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा ही धरणं तुमच्या तालुक्यात आणि टँकरची वाट बघायची तुम्ही! ठाणे-भिवंडीलाही मुंबई महापालिका पाणी देते, तेव्हा ‘मुंबईबाहेर देत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेत म्हटलं, की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाचा पिण्याच्या पाण्याचा हक्क जात नाही; तो राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. पण हा हक्क पाण्याचा आहे, अमुक एका जलवाहिनीवरच्या जोडणीचा नव्हे. ग्रामपंचायतीमार्फत जोडणी जरूर मागा, तिच्या भरवशावर मात्र बसू नका.

माझा भर झऱ्यावर आहे. ‘जमीन वनखात्याची’ म्हणून विषय संपत नाही. वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) वाचून घ्या. पिण्याचं पाणी आणि पाइपलाइन यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तोडावी लागू नयेत, एवढंच. १९८० च्या वन कायद्याखालची केंद्राची मंजुरी इथे लागत नाही. प्रस्ताव मात्र ग्रामपंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने द्यायचा, तुम्ही नाही. तो वनक्षेत्रपालाकडे जातो, निर्णय उपवनसंरक्षकाचा. ठरावाच्या दिवशी निम्म्याहून जास्त हजेरी सह्या-अंगठ्यांसह नोंदवा. प्रस्ताव बहुधा तिथेच अडवतात.

मोठ्या गावाच्या ग्रामसभेत तुमचं कुणी ऐकत नसेल, तर शहापूर अनुसूचित क्षेत्र आहे हे विसरू नका. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा; त्याच्या २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. त्याला वेळ लागेल, म्हणून झऱ्याचा प्रस्ताव आणि ही मागणी, दोन्ही कामं एकदमच सुरू करा. तोवर टँकरची मागणी तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

झरा तानसा अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर वन्यजीव कायदाही बघावा लागेल. त्या जमिनीचा गट क्रमांक किंवा वनखात्याचा कंपार्टमेंट (वनखंड) क्रमांक कळवा, मग पुढचं सांगतो.