वाचक विचारतात : शिल्डवाली लॅन केबल घ्यायची का?

प्रश्न : मुलुंडला आमच्या टू बीएचकेचं काम काढलंय. भिंती फोडल्याच आहेत तर प्रत्येक खोलीत लॅन पॉइंट टाकून घेतोय. इंटिरियरवाला म्हणतो कॅट ८ शिल्डेडच टाका, पुन्हा बघायला नको. पैसे बरेच जास्त जातायत. टाकू का?

उत्तर : नका टाकू. शिल्ड म्हणजे बाहेरचा विजेचा त्रास अडवायला वायरींवर गुंडाळलेलं फॉइल किंवा जाळी, आणि कॅट म्हणजे केबलची श्रेणी. कॅट ८ घरासाठी नाहीच, ती डेटा सेंटरमधल्या रॅकसाठी, २५ आणि ४० गिगाबिट स्पीडसाठी आणि तेही जास्तीत जास्त ३० मीटरपर्यंत. तुमच्या राउटरला किंवा टीव्हीला तसलं पोर्टच नाही, मग त्या पैशाचं करायचं काय? शिवाय ती जाड आणि कडक असते, पाऊण इंची पाईपच्या बेंडमधून ओढताना वायरमनचा जीव जातो आणि त्या ओढाताणीत आतल्या वायरींचा पीळ बिघडला तर महागाची केबल साध्या केबलपेक्षा वाईट चालते.

हा पीळच खरा कामाचा आहे. केबलमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या वायरींच्या ४ जोड्या असतात, बाहेरून आलेला विजेचा त्रास जोडीतल्या दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच पडतो आणि पलीकडचं पोर्ट फक्त दोघींमधला फरक वाचतं, म्हणून तो त्रास आपोआप वजा होतो. एवढ्या जोरावर बिनशिल्डची कॅट ६ सुद्धा १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत नेऊ शकते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ५५ मीटरचा पॉइंट कुठून येणार? १ किंवा २.५ गिगाबिटला तर नीट टाकलेली जुनी कॅट ५ई पण १०० मीटर पुरते.

त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, शुद्ध तांब्याची कॅट ६ यूटीपी, म्हणजे बिनशिल्डची, घ्या. भिंत परत फोडायचीच नाही असं ठरवलं असेल तर कॅट ६ए घ्या, पण मग पाईप एक इंची टाकायला सांगा. कॅट ७ च्या मागे लागू नका, तिच्यासाठी जे खास कनेक्टर ठरले होते ते घरातल्या कुठल्याच मशीनला नसतात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या ‘कॅट ७’ ला शेवटी नेहमीचा आरजे-४५ प्लगच लावलेला असतो.

शिल्ड कधी घ्यायची? लाईटच्या मेन वायरींना चिकटून लांबपर्यंत जावं लागत असेल, किंवा लिफ्टच्या मोटरच्या खोलीला लागून भिंत असेल तर. तेव्हा एफ/यूटीपी पुरे, म्हणजे चारही जोड्यांवर मिळून एक फॉइल. यू/एफटीपी म्हणजे प्रत्येक जोडीला वेगळं फॉइल, एस/एफटीपी म्हणजे त्यावर आणखी तारेची जाळी. पण एका पाईपमध्ये लाईट आणि लॅन एकत्र घालायचं नाही म्हणजे नाही, शिल्ड असो नसो, हा सेफ्टीचा प्रश्न आहे.

आणि बॉक्स उघडल्यावर एक वायर सोलून ब्लेडनं खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदार त्याला सीसीए म्हणतात. ते पटकन तुटतं आणि केबलमधूनच पॉवर घेणारा कॅमेरा लावला तर जास्त तापतं. असा बॉक्स सरळ परत करा.

प्रश्न : गिरगावात चाळीत राहतो. लॅमिंग्टन रोडवरून शिल्डेड केबल आणली, ओळखीच्या केबलवाल्यानं प्लग लावून दिले. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे पण स्पीड ९४ च्या वर जातच नाही. शिल्ड खराब आहे का?

उत्तर : दादा, शिल्डचा यात जवळजवळ नक्कीच काही संबंध नाही. ९४ च्या आसपास अडकलं म्हणजे लिंक १०० वर लागलीय. १०० ला फक्त २ जोड्या लागतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही. बहुतेक निळ्या नाहीतर तपकिरी जोडीतली एखादी वायर प्लगमध्ये नीट बसली नाही. आधी राउटरचं पोर्ट गिगाबिटचं आहे ना ते बघा, असेल तर दोन्ही टोकं कापून परत क्रिंप करून, म्हणजे नवे प्लग दाबून बसवून, घ्या. दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच हवा आणि पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही.

आता शिल्डचं. प्लग साधे प्लॅस्टिकचे लावले असतील तर शिल्डला कुठंच वाट नाही, फॉइल नुसतं लटकतंय. धातूच्या कवचाचा प्लग हवा आणि फॉइलच्या कडेनं जाणारी बारीक उघडी तार त्या कवचाला टेकलेली हवी. तिथून पुढं राउटर किंवा नेटवर्क स्विचचं पोर्टही धातूचं आणि अर्थिंगला जोडलेलं लागतं. पण घरच्या राउटरचा ॲडॉप्टर दोन पिनचा असतो, आणि जुन्या चाळींत तिसऱ्या पिनेचं भोक असतं पण मागे वायरच नसते. अशा ठिकाणी शिल्डचे पैसे फुकट जातात, कधीकधी तर दोन पिनच्या मशीनचा थोडासा करंट शिल्डवरून पलीकडे जाऊन प्लगला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तेव्हा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ते केबलसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी गरजेचं आहे.

प्रश्न : कॅट ६ए ला बाजारात मिळतो तो कुठलाही प्लग चालेल का?

उत्तर : नाही चालत. ६ए ची वायर जाड असते, साध्या प्लगच्या भोकात शिरतच नाही आणि जबरदस्ती केली की आवरण सोलवटतं. पाकिटावर वायरचा गेज आणि जाडी लिहिलेली असते ती जुळवूनच घ्या. भिंतीतल्या केबलला तर प्लग लावूच नका, कीस्टोन जॅक, म्हणजे भिंतीतल्या पॉइंटमध्ये बसणारं सॉकेट, लावा आणि तिथून पुढं तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग लावलेली लवचिक केबल, वापरा. भिंतीतली तार सॉलिड, म्हणजे एकाच जाड तारेची, असते, सतत हलवली की तुटते.

प्रश्न : आमच्या दोन विंगमध्ये गच्चीवरून केबल न्यायचीय, शिल्डेड चालेल का?

उत्तर : ताई, तिथं तांबं नकोच, फायबर टाका. दोन विंगचं अर्थिंग वेगळं असेल तर शिल्डमधून करंट वाहतो, आणि पावसाळ्यात जवळपास वीज पडली की दोन्हीकडची मशीनं जातात. फायबर काचेचं, त्यातून करंट जात नाही. फक्त आत लोखंडी तार नसलेली, उन्हापावसाला टिकणारी काळ्या आवरणाची घ्या.